मुलखाचा पैसा आणि मुलखाची आगगाडी

इ. स. २०२५ च्या मे महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें कोंकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेंत विलीन करण्यास आपली संमति दिली. गोवें, कर्नाटक आणि केरळ या तीन राज्यांची संमति त्यापूर्वींच मिळालेली होती. अडून राहिलें होतें तें महाराष्ट्रच. ही संमति देतांना राज्यानें दोन अटी घातल्या. पहिली अशी कीं, महामंडळाच्या भागभांडवलांत राज्यानें घातलेले सुमारें ३९६ कोटि रुपये केंद्रानें परत करावे. आणि दुसरी अशी कीं, विलीनीकरणानंतरहि या मार्गाचें 'कोंकण रेल्वे' हें नांव कायम ठेवावें. बातमी म्हणून हें चार ओळींत संपतें. परंतु ज्याला देण्याघेण्याचा व्यवहार कळतो त्याला या दोन अटी शेजारींशेजारीं ठेवल्या म्हणजे थोडें नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं. जो भागीदार आपलें भांडवल परत मागतो तो दुकानाच्या पाटीवरील नांवाचा आग्रह सहसा धरीत नाहीं. आणि ज्याला नांवाचा अभिमान असतो तो भांडवल काढून घेत नाहीं. मग पस्तीस वर्षें भागीदार राहून महाराष्ट्रास या व्यवहारांत मिळालें काय, आणि त्यास मुळांत हवें होतें तरी काय? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर आगगाडीसाठीं पैसा कोणीं द्यावा, या जुन्या वादाकडे वळणें आम्हांस प्राप्त आहे.

हिंदुस्थानांत आगगाडी आली ती कोणा एका प्रांताच्या वर्गणीनें आली नाहीं. १८४९ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीशीं जो करार झाला त्यांत तिच्या भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी सरकारनें पत्करली. मार्गाचें उत्पन्न कमी पडलें तर तूट भरावयाची सरकारी तिजोरीनें, आणि ती तिजोरी भरावयाची रयतेनें. १८५३ त मुंबईहून ठाण्यास गाडी धांवली; दहा वर्षांनीं बोरघाट फोडून ती मुंबई-पुण्याच्या सलग मार्गावर चढली; १८६५ त थळघाट ओलांडून ती खानदेश-वर्‍हाडच्या कापसाकडे निघाली. या सार्‍या व्यवहाराच्या मागें जी तिजोरी उभी होती तींत देवगडच्या कुळाचा शेतसारा नव्हता काय? दापोलीच्या माणसानें दिलेला मिठाचा कर नव्हता काय? कोंकणची रयत दुसर्‍यांच्या आगगाडीची हमी अशा रीतीनें पिढ्यान्‌पिढ्या वाहत होती. गाडी मात्र तिच्या डोक्यावरून, घाटमाथ्यावरून निघून गेली. ही गोष्ट आम्ही येथें मुद्दाम नमूद करून ठेवतों, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

केंद्राच्या हमीवर न विसंबतां स्थानिक सत्तेनें आपल्या खिशांतून मार्ग बांधल्याचीं उदाहरणेंहि त्याच काळांत घडलीं. बडोद्याच्या गायकवाडांनीं १८६२ सालीं डभोईपासून मियागांवापर्यंत अरुंद रूळ घातले व त्यांवरून प्रथम चक्क बैलांकडून डबे ओढविले. इंजिन त्या मार्गावर पुढें दहाएक वर्षांनीं आलें. दक्षिणेंत तंजावरचें उदाहरण तर याहून बोधप्रद आहे. तेथें राजा नव्हता. मराठ्यांचें तें राज्य केव्हांच खालसा झालें होतें. तेथील जिल्हा बोर्डानें जमिनीवर एक जादा पट्टी बसवून तिच्या आधारें मायावरम्-मुत्तुपेट हा मार्ग उभारला आणि तो १८९४ त सुरू झाला. शेतकर्‍यानें आपल्या शेताच्या आकाराप्रमाणें थोडें थोडें देऊन आपल्याच तालुक्यांतून आगगाडी न्यावी, ही कल्पना आज ऐकावयासहि नवीन वाटते.

परंतु आमच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचें उदाहरण कोल्हापूरचें. मिरजेपर्यंत सदर्न मराठा कंपनीचा मार्ग आल्यावर तेथून कोल्हापूर अवघें एकोणतीस मैल राहिलें. कंपनीला तेवढा फांटा बांधण्याची निकड नव्हती. तेव्हां दरबारानें तो स्वतःच्या पैशानें बांधावयाचें ठरविलें. १८८८ च्या मे महिन्यांत शाहूमहाराजांच्या हस्तें कामाची पहिली कुदळ पडली. महाराज त्या वेळीं अवघे तेरा वर्षांचे असून कारभार दुसर्‍यांच्या हातीं होता. १८९१ च्या एप्रिलांत गाडी कोल्हापुरांत आली. गाड्या चालविण्याचें काम कंपनीकडे दिलें, मालकी दरबारानें आपल्याकडे ठेविली. इथवर ही गोष्ट बडोद्याहून फारशी निराळी नाहीं. तिचें वेगळेपण पुढें आहे. १८९४ त महाराजांच्या हातीं अधिकार आले आणि दुसर्‍याच वर्षीं स्टेशनाच्या आसपास शाहुपुरीची पेठ वसविण्यात आली; कोल्हापुरी गुळाचा जो पुढें एवढा मोठा व्यापार झाला त्याचें ठाणें ही पेठ. १९१७ त त्याच मार्गावर, जेथें मुळांत गांव असें कांहीं नव्हतें तेथें, जयसिंगपूर ही बाजारपेठ आंखून बसविली. म्हणजे दरबारानें रूळ घातले व हात झटकले असें झालें नाहीं. रूळ आल्यावर गुळाची ढेप कोठें उतरावी, आडत्यानें दुकान कोठें मांडावें, गाडीवानानें बैल कोठें सोडावे, याचा विचार करणारी सत्ता त्या रुळांच्या शेजारींच बसलेली होती. लंडनच्या संचालकमंडळाला हा विचार सुचला नसता, व कलकत्त्याच्या सरकारलाहि नाहीं. स्थानिक सत्तेचा पैसा केंद्राच्या पैशाहून निराळा असतो तो येथें. रुपया दोघांचाहि सारखाच. पण एकाला मार्गाच्या दोन्ही बाजूंचीं शिवारें ठाऊक असतात.

आतां कोंकणाकडे वळूं. सह्याद्रि आणि समुद्र यांच्या मधल्या या चिंचोळ्या पट्टींत उभा लोहमार्ग शंभर वर्षें कां झाला नाहीं, याचें एक कारण डोंगर, खाड्या व जांभा दगड हें सांगतात, तें खरेंच आहे. पण तेवढेंच नाहीं. इंग्रजी राज्यांतले बहुतेक मोठे मार्ग बंदरांतून निघून देशांत शिरणारे, म्हणजे किनार्‍याला काटकोनांत जाणारे होते. गोव्यांतहि पोर्तुगीज सरकारच्या हमीवर झालेला १८८८ चा मुरगांवचा मार्ग असाच आडवा घाट चढून गेला. समुद्राला समांतर जाणार्‍या मार्गावर माल तो कोणता न्यावयाचा? कोंकणांतून बाहेर जाणारा मुख्य माल म्हणजे माणूस. तो मुंबईच्या गिरणींत, गोदींत, कचेर्‍यांत व घरकामांत खपे आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर घरीं पाठवी. या मालाला बोट पुरेशी आहे असें सत्ताधार्‍यांस वाटलें. बोटीचा प्रवास ज्यांनीं ऐकला आहे त्यांना तो किती सुखाचा होता हें सांगावयास नको: बंदर उथळ म्हणून बोट खोल पाण्यांत उभी, आणि बायकामुलें, ट्रंका, फणस, सारें पडावांतून हेलकावे खात किनार्‍यास. पावसाळ्यांत तोहि मार्ग बंद. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, तेव्हां स्वातंत्र्याला एक महिना राहिला होता.

स्वातंत्र्यानंतर मागणीला तोंड फुटलें. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसानें कोंकण रेल्वेच्या ध्यासांत आयुष्य घातलें. राजापूर मतदारसंघाचे बॅरिस्टर नाथ पै यांनीं लोकसभेंत हा प्रश्न जागता ठेवला. १९७१ त ते निवर्तल्यावर त्याच मतदारसंघांतून निवडून गेलेल्या मधु दंडवत्यांनीं तो पुढें नेला. कामाची गति मात्र पाहण्याजोगी आहे. दिव्याहून पनवेलला गाडी १९६४ त आली, आपट्यास १९६६ त, आणि आपट्याहून रोह्यास पोंचावयास १९८६ साल उजाडलें. मध्यंतरीं १९७७ ते १९७९ दंडवते स्वतः रेल्वेमंत्री होते हें लक्षांत घेतलें म्हणजे एका मंत्र्याची इच्छा आणि केंद्राच्या अंदाजपत्रकांतील रांग यांत बलवत्तर कोण हें कळून येतें. वीस वर्षांत आपट्याहून रोहें, या हिशेबानें मंगळूर केव्हां आलें असतें याचें गणित वाचकांनीं करून पाहावें. आम्हीं केलें, आणि सोडून दिलें.

१९८९ च्या अखेरीस दिल्लींत सरकार बदललें. मूळचे मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि दंडवते अर्थमंत्री. किनार्‍याच्या दोन टोकांचीं माणसें एकाच वेळीं त्या दोन खुर्च्यांवर बसावीं असा योग पुनः येण्याजोगा नव्हता, व दोघांनाहि तें कळत असावें. रेल्वेच्या नेहमींच्या अंदाजपत्रकांतून हा मार्ग मागितला तर तो रांगेंत जाईल. म्हणून तो रांगेबाहेर काढण्याची युक्ति निघाली. स्वतंत्र महामंडळ स्थापावयाचें. त्याच्या भागभांडवलांत शेंकडा एक्कावन्न केंद्राचे, बावीस महाराष्ट्राचे, पंधरा कर्नाटकाचे, सहा गोव्याचे व सहा केरळाचे. आणि उरलेली मोठी रक्कम करमुक्त रोखे विकून लोकांकडून उचलावयाची. १९ जुलै १९९० रोजीं महामंडळाची नोंदणी झाली, ई. श्रीधरन् त्याचे प्रमुख झाले, आणि १५ सप्टेंबरला रोह्यास पायाभरणी झाली. नोव्हेंबरांत तें सरकार पडलें. पण महामंडळ राहिलें, कारण चार राज्यांचीं नांवें त्यावर लागलेलीं होतीं आणि तीं खोडणें पुढच्या कोणासहि सोपें नव्हतें. राज्यांच्या पैशाचा पहिला व आमच्या मतें सर्वांत मोठा उपयोग हा झाला. खर्चाच्या मानानें ती रक्कम मोठी नव्हती. सबंध मार्गास सुमारें साडेतीन हजार कोटि लागले व त्यांतला बराच मोठा भाग कर्जाचा होता. राज्यांनीं दिला तो विसार होता. विसार दिलेला सौदा सहजासहजीं मोडत नाहीं.

या वांटणींत केरळाचे सहा टक्के विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. सुमारें ७४० किलोमीटरांच्या या मार्गाचा वीतभर तुकडाहि केरळांत नाहीं; तो मंगळूरच्या अलीकडे ठोकूर येथें संपतो. तरी केरळानें पैसे घातले, कारण मुंबईस असलेल्या त्याच्या माणसांना घरीं जावयास सोलापूर-गुंतकलवरून सबंध दख्खन ओलांडावी लागत असे. आपला मुलूख सोडून आपल्या माणसांसाठीं दुसर्‍याच्या मुलखांत रूळ घालावयास पैसा देणें, हा हिशेब आम्हांस शहाणपणाचा वाटतो. पुढें या मार्गावरून लांबच्या गाड्या धडाडत जाऊं लागल्या व कोंकणच्या लहान स्थानकांवर थांबेनात, तेव्हां तक्रार झाली ती कोंकणी माणसाची. केरळाच्या पदरीं त्याच्या सहा टक्क्यांचें पुरेपूर फळ पडलें होतें.

पैशापेक्षां मोठी गोष्ट जमिनीची. सुमारें बेचाळीस हजार जमीनधारकांकडून जागा घ्यावयाची होती. कोंकणांतली जमीन म्हणजे काय हें ज्याला ठाऊक आहे त्याला या आंकड्याचा अर्थ कळेल: एकेका तुकड्याच्या सात-बार्‍यावर भाऊबंदांचीं दहा-दहा नांवें, त्यांतले निम्मे मुंबईस, कलमांचा मालक एक, कूळ दुसरें, आणि बांधावरच्या फणसाचा वाद आजोबांच्या वेळेपासूनचा. येथें दिल्लीचा शिक्का कांहीं कामाचा नसतो. तलाठी, प्रांत, जिल्हाधिकारी यांनीं मनावर घेतलें तरच मोजणी होते व नोटिशी निघतात. महाराष्ट्राच्या यंत्रणेनें हें काम झपाट्यानें उरकलें, आणि लोकांनींहि आपल्या बागा फारशी खळखळ न करतां दिल्या. ज्या मुलखांत वितभर बांधासाठीं लोक हयातभर कोर्टाच्या पायर्‍या झिजवितात तेथें हें घडलें. गाडीची भूक किती होती याचा याहून पुरावा नको.

मग काम उठलें. लहानमोठे सुमारें दोन हजार पूल, नव्वदांहून अधिक बोगदे. रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आणि पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल. मंगळूर-उडुपी ही पहिली गाडी मार्च १९९३ त सुटली. मुदत पांच वर्षांची होती. लागलीं सातांहून थोडीं अधिक. २६ जानेवारी १९९८ रोजीं सबंध मार्ग जोडला गेला व १ मे रोजीं पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. स्थापत्याची ही कथा अनेकांनीं सांगितली आहे, म्हणून ती येथें आटोपती घेतों.

उशिराचें एक कारण गोव्यांत होतें, आणि तें आमच्या विषयाशीं थेट निगडित आहे. पेडण्याच्या बोगद्यांत भुसभुशीत माती कोसळत राहिली, तो दोष भूमीचा. पण मार्ग कोठून जावा यावर गोव्यांत जी चळवळ उठली ती निराळी. किनार्‍यालगतचा आंखलेला मार्ग खाजणांतून जाणार होता. खाजण म्हणजे खाडीच्या खार्‍या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन. भरती-ओहोटी पाहून दारें उघडावयाचीं व मिटावयाचीं, भात पिकवावयाचें आणि मासळीहि धरावयाची, अशी ती शतकानुशतकांची व्यवस्था. तिचा सांभाळ गांवकरी म्हणजे गांवांतल्या जुन्या मंडळ्या पूर्वापार करीत आलेल्या. या बांधांमधून मातीचा उंच भराव गेला तर पाणी तुंबेल, जुन्या गोव्यांतील वास्तूंस धक्का पोंचेल, म्हणून मार्ग आंतल्या, डोंगराकडील भागांतून न्यावा, असें चळवळीचें म्हणणें होतें. काम थांबलें; निवृत्त न्यायमूर्ति ओझा यांच्याकरवीं चौकशी झाली; आणि अखेर थोड्या फेरफारांनिशीं मार्ग बहुतांशीं मूळ आंखणीनेंच गेला. वादाच्या दोन्ही बाजूंचा न्याय येथें करण्याचा आमचा मानस नाहीं. ध्यानांत येण्यासारखी गोष्ट ही कीं, गोव्याचें सरकार त्या वेळीं सहा टक्क्यांचें भागीदार होतें. त्याची सही कागदावर होती; बांध राखणार्‍या गांवांची संमति मात्र त्या सहींत आलेली नव्हती. 'स्थानिक पाठिंबा' या शब्दांत स्थानिक कोण, याचा विचार पणजीस बसून पुरा होत नाहीं, मग दिल्लीची गोष्ट सोडाच.

मार्ग झाला. त्यानें कोंकणचें जीवन पालटलें हें नाकारणारा माणूस आम्हांस भेटलेला नाहीं. गणपतीला रात्रीं मुंबईंत बसलेला चाकरमानी सकाळीं कणकवलीस उतरतो, आणि त्याच्या आजीला हेंच अंतर बोटीनें व खटार्‍यानें कसें गेलें तें ठाऊक असतें. १९९९ पासून मालानें भरलेले ट्रकच्या ट्रक गाडीवर चढवून कोलाडहून गोव्यांत वेर्ण्यास नेण्याची योजना सुरू झाली. तीहि उपयुक्त ठरली. पावसानें मात्र या मार्गाला कधीं निवांत बसूं दिलें नाहीं. जून २००३ त वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली व पन्नासांवर माणसें दगावलीं. पुढच्याच जूनमध्यें करंजाडीजवळ मत्स्यगंधा गाडीला तसाच अपघात झाला. तेव्हांपासून पावसाळ्यांत गाड्या सावकाश नेतात, डोंगरांवर जाळ्या, भिंती व पहारा ठेवतात, आणि हा सारा खर्च महामंडळाच्या माथीं बसतो. कर्जाचें व्याज मूळच्या उत्पन्नाला गिळीत होतेंच. शेवटीं केंद्राला त्यांतला मोठा भाग अग्रहक्काच्या भागांत बदलून घ्यावा लागला. राज्यांच्या भागभांडवलावर परतावा मागण्याची ही स्थिति नव्हती.

पण परतावा केवळ रुपयांतच मोजावयाचा काय? कोल्हापूर दरबारानें तो पेठेंत मोजला. आमचा महाराष्ट्र सरकारशीं मतभेद आहे तो येथें. या मार्गाचीं किती तरी स्थानकें गांवांपासून दूर पडलीं, आणि तें डोंगराळ मुलखांत अपरिहार्यच होतें. रत्नागिरीचें स्थानक शहराबाहेर कुवारबांवाकडे. राजापूर रोड हें तर नांवापुरतेंच राजापूर, शहर मैलोगणती दूर. अशा ठिकाणीं स्थानकाशेजारीं बाजार आंखणें, आंब्याच्या व मासळीच्या साठवणीसाठीं शीतगृह उभारणें, तालुक्याच्या गांवापासून चांगला रस्ता व एस. टी. ची ठरलेली फेरी आणणें, हीं कामें रेल्वेचीं नव्हेत. तीं राज्याचीं, जिल्हापरिषदेचीं, नगरपालिकेचीं. बावीस टक्के देऊन राज्यानें रुळांत वांटा घेतला, आणि रुळांबाहेरची जी जमीन सर्वस्वीं त्याच्याच हातीं होती तिकडे मात्र त्याचें फारसें लक्ष गेलें नाहीं. अलीकडे राज्याच्या बांधकामखात्यानें कांहीं स्थानकांच्या दर्शनी भागाचें सुशोभन केलें आहे. तें दिसावयास सुरेख आहे. परंतु शाहुपुरी ही सुशोभित कमान नव्हती. तेथें गूळ विकत असे.

कोणी म्हणेल, राज्याजवळ पैसा होता कोठें? तो रुळांत अडकला होता! या आक्षेपांत तथ्य आहे, व येथेंच आम्हीं प्रारंभीं नमूद केलेल्या गोष्टीचें काम पडतें. मुंबई-पुणें मार्गासाठीं पुण्याच्या नगरपालिकेकडे कोणीं बावीस टक्के मागितले नव्हते. कापसाच्या मुलखाला सार्‍या देशाच्या हमीवर गाडी मिळाली. जो मुलूख मागें राहिला त्याची पाळी आली तेव्हां मात्र नियम बदलला, आणि त्यास सांगण्यात आलें कीं, गाडी हवी असेल तर आपला वांटा आण. गरिबाकडून विसार घ्यावयाचा आणि श्रीमंताला उधारीवर द्यावयाचें, असला हा दुकानदारीचा न्याय आहे. कोंकणांत तो खपून गेला, कारण त्यावांचून गाडीच आली नसती. पुढें तो मराठवाड्यांतहि लावण्यात आला. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरांचा मार्ग १९९५-९६ त मंजूर झाला, तेव्हां त्याचा अंदाज साडेतीनशें कोटींच्या आसपास होता. काम रखडलें, राज्यानें निम्मा वांटा उचलला, आणि खर्च पुढें साडेचार हजार कोटींच्याहि वर गेला. गाडी आष्टीस २०२२ च्या सप्टेंबरांत आली आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. तीस वर्षांत बीड. निम्मा पैसा देऊनहि हा वेग. आणि अंदाज जसजसा फुगत गेला तसतसा राज्याचा निम्मा वांटाहि त्याबरोबर फुगत गेला. विसार दिल्यानें सौदा टिकतो, पण दुकानदार माल वेळेवर देईलच असें नाहीं, हा बीडकरांचा अनुभव कोंकणकरांच्या अनुभवाशेजारीं ठेवून वाचावा.

आतां विलीनीकरणाविषयीं. कोंकण रेल्वे बहुतांशीं एकेरी आहे. रोहें ते वीर हा सुमारें शेहेचाळीस किलोमीटरांचा तुकडा २०२१ त दुहेरी झाला, व सबंध मार्गावर वीज २०२२ त आली. त्यापलीकडे समोरून गाडी आली कीं दुसरीनें स्थानकांत थांबून वाट द्यावयाची, हाच प्रकार. दुहेरी मार्ग करावयाचा तर बोगदे व पूल दुसर्‍यानें बांधावे लागतील, आणि तेवढा पैसा उभारण्याची शक्ति या महामंडळांत नाहीं. तें स्वतंत्र असल्यामुळें रेल्वेच्या अंदाजपत्रकांतून त्यास सरळ रक्कम मिळत नाहीं, आणि भागीदार राज्यांना आणखी भांडवल घालण्याची हौस उरलेली नाहीं. ज्या रांगेंतून बाहेर पडण्यासाठीं हें महामंडळ जन्मलें त्याच रांगेंत जाऊन उभें राहण्याची पाळी त्यावर आली. महाराष्ट्रानें संमति दिली ती आमच्या मतें योग्यच दिली. रांगेंत मागें उभें राहणें हें रांगेबाहेर उपाशी राहण्यापेक्षां बरें.

नांवाची अटहि आम्हांस मान्य आहे. ज्यांच्या बागांतून रूळ गेले त्यांच्या मुलखाचें नांव रुळांवर असावें यांत गैर कांहीं नाहीं, व त्यास खर्चहि पडत नाहीं. राहतां राहिले ते ३९६ कोटि. केंद्रानें ते परत केलेच तर ते राज्याच्या सामान्य जमेंत मिसळून जाऊं नयेत, एवढें आमचें सांगणें आहे. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांच्या नांवानें ते मुंबईहून निघाले होते. त्याच तीन जिल्ह्यांत ते यावे. राजापूर रोडपासून राजापुरापर्यंतचा रस्ता, रत्नागिरीच्या स्थानकाशेजारीं मासळीसाठीं बर्फाची व साठवणीची सोय, सावंतवाडी व कुडाळ येथें आंब्याकाजूच्या व्यापार्‍यांसाठीं नीट आंखलेली पेठ, आडगांवच्या स्थानकांवर रात्रींच्या गाडीला जोडून एस. टी.: यांतल्या एकाहि कामास रेल्वेबोर्डाची मंजुरी लागत नाहीं, आणि विलीनीकरणाचे कागद पुरे होण्याची वाटहि पाहावी लागत नाहीं.